न दिसणारा विटाळ

(माणदेशातल्या गावपातळीवरील पाणी समित्यांमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. छापताना थोडी काटछाट केली आहे.)



मला इथं बोलावलं ते पाण्याच्या शुद्धतेवर बोलायला, आणि मी सुरुवात करणार आहे बर्फापासून. हसू नका. माणदेशाचा आणि बर्फाचा काय संबंध, हे मलाही कळतं. आपल्याला बर्फ ठाऊक आहे तो उन्हाळ्यातल्या जत्रेतल्या गोळ्याचा, नाहीतर लग्नातल्या सरबतातला. पण हा बर्फ एव्हरेस्टवरचा आहे आणि त्याची गोष्ट आपल्या हंड्यापर्यंत येते.

२०१९ साली शास्त्रज्ञांचं एक पथक एव्हरेस्टवर गेलं. त्यांनी वरचा बर्फ आणि खाली वितळून आलेलं पाणी बाटल्यांत भरून आणलं आणि प्रयोगशाळेत तपासलं. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. त्या बर्फात माणसानं कारखान्यात बनवलेली रसायनं निघाली. या रसायनांच्या कुटुंबाला पीएफएएस म्हणतात. हजारो रसायनांचं हे कुटुंब आहे. पाणी आणि तेल चिकटू नये म्हणून ती वापरतात. न चिकटणारा तवा, रेनकोट, आग विझवायचा फेस, तेलकट खाऊ बांधायचा कागद, डाग न पडणारं कापड, अशा कितीतरी वस्तूंत ती असतात. एव्हरेस्टवर ती बहुधा गिर्यारोहकांच्या कपड्यांतून आणि तंबूंतून आली असावीत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. कार्बन आणि फ्लोरिन यांची त्यांच्यातली गाठ इतकी घट्ट असते की ऊन, पाणी, माती, जिवाणू कुणालाच ती सहजी सुटत नाही. म्हणून त्यांना ‘कायमची रसायनं’ असं नाव पडलं आहे.

इथं एक खुलासा करते, कारण आपल्या बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड तुम्हाला ठाऊक आहे. दात पिवळे पडतात, हाडं धरतात, ते फ्लोराइड. ते खडकातून येतं. ही रसायनं वेगळी. ती कुठल्याही खडकात नव्हती. आपल्या आजीच्या लहानपणी जगात कुठंच नव्हती.

शास्त्रज्ञ बर्फच का तपासतात? कारण तिथं कारखाना नाही, शेत नाही, गटार नाही. तिथंसुद्धा एखादी गोष्ट सापडली तर ती किती दूर पोचली आहे ते कळतं. २०२२ साली स्टॉकहोम विद्यापीठातल्या संशोधकांनी जगभरच्या पावसाच्या नोंदी एकत्र मांडल्या. तिबेटच्या पठारावर, अंटार्क्टिकावर पडणाऱ्या पावसातही यातलं एक रसायन, पीएफओए, अमेरिकेनं त्या वर्षी सुचवलेल्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त होतं. म्हणजे ‘वरून पडलेलं पाणी शुद्ध’ हे जे आपण म्हणतो, तेही आता डोळे झाकून म्हणता येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या समाजात पाण्याची शुद्धता तपासायची एक पद्धत शेकडो वर्षं चालत आली. तिला ना बाटली लागे ना प्रयोगशाळा. हंड्याला कुणी हात लावला, एवढंच बघायचं. दलिताचा हात लागला तर पाणी बाटलं, बाई ‘बाहेरची’ असेल तर पाणी बाटलं. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला तो याच तपासणीविरुद्ध. तळं ‘शुद्ध’ करायला मग त्यात गोमूत्र ओतलं गेलं. मला सांगायचं आहे ते असं, की ज्या विटाळानं कुणाच्या जिवाला काही होत नव्हतं तो ओळखायला सगळं गाव डोळ्यांत तेल घालून बसलं होतं. ज्यानं खरोखर इजा होते तो ओळखायची व्यवस्था मात्र गावात अजूनही नीट उभी राहिलेली नाही. आणि पाणी भरणारी बाई दोन्हीकडे तीच.

बायकांना पाण्यातलं कळत नाही असं मी कधीच म्हणणार नाही. कुठल्या आडाचं पाणी डाळ शिजवतं, कुठल्या बोअरचं दाताला लागतं, टँकरचं पाणी कधी शेवाळलेल्या टाकीतलं आहे, हे बाई एका घोटात सांगते. हे ज्ञान खरं आहे. परंतु जीभ, नाक आणि डोळे यांना एक मर्यादा आहे आणि ही नवी रसायनं त्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहेत. त्यांना रंग नाही, वास नाही, चव नाही. ‘पाणी गोड आहे’ ही साक्ष इथं चालत नाही.

किती खाली? अमेरिकेनं २०२४ च्या एप्रिलमध्ये पीएफओए आणि पीएफओएस या दोन रसायनांसाठी मर्यादा घातली, एका लिटरला ४ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे काय ते पुस्तकी भाषेत सांगून उपयोग नाही. आपल्याला टीएमसी कळतो. निवडणूक आली की प्रत्येक पुढारी टीएमसीतच बोलतो. तर एक टीएमसी पाणी घ्या, म्हणजे सुमारे २८३२ कोटी लिटर. एवढ्या पाण्यात ४ नॅनोग्रॅमच्या हिशेबानं रसायन किती झालं? सुमारे ११३ ग्रॅम. अर्ध्या पावाच्याही आत. एका टीएमसीत मुठीएवढी साखर टाकावी आणि ती शोधून काढावी, असं हे काम आहे. ते करणारी यंत्रं आहेत. पाण्यातले रेणू वेगवेगळे करून, वजनावरून एकेक ओळखणारी. ती महाग असतात आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेत नसतात.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे प्यायलाच पाणी नाही आणि ही बाई मुठीएवढ्या साखरेचं सांगत बसली आहे. रास्त आहे. माणदेशात आजही पहिला धोका जुलाब, कावीळ घडवणाऱ्या जंतूंचा आहे, मग फ्लोराइडचा आणि नायट्रेटचा. ज्या गावात टीसीएल पावडर वेळेवर पडत नाही, तिथं आधी तीच मागा. नव्या रसायनांच्या नादात जुनं दुखणं विसरायचं नाही.

तरीही हा विषय मी आजच काढते आहे, कारण आपलं पाणी बदलतं आहे. पिढ्यानपिढ्या आपण माणगंगेच्या कोरड्या पात्रात झरे उकरले. तलाव भरला तर भरला. आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींनी पाणी परिषदा भरवल्या, तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं तिथं येत. त्या गर्दीत बाया भाकरी बांधून आलेल्या असत. त्या लढ्याचं फळ म्हणून आज टेंभूचं पाणी आटपाडीकडे येतं, उरमोडीचं आणि जिहे-कठापूरचं पाणी माण-खटावकडे येतं. पाणी आलं त्या दिवशी बायांनी खणानारळानं ओटी भरली. भरायलाच हवी होती.

पण हे पाणी कुठून उचललं जातं ते बघा. टेंभू हे कराडजवळचं गाव. कृष्णा तिथं येईपर्यंत वाई, सातारा, कराड या सगळ्या शहरांच्या जवळून आलेली असते. वाटेत शहरांचं सांडपाणी, साखर कारखाने, औद्योगिक वसाहती आणि दुतर्फा ऊस. उसावर मारलेलं तणनाशक पहिल्या पावसात कुठं जातं? दवाखान्यातली आणि घराघरांतली औषधं, साबणाची रसायनं गटारातून कुठं जातात? योजना शेतीच्या असल्या तरी पाणी तलावांत, ओढ्यांत सोडलं की ते आजूबाजूच्या विहिरींना उतरतं, आणि त्या विहिरी गावाच्या पिण्याच्या आहेत. पाणी नको असं मी म्हणत नाही, कुणी तसा अर्थ काढू नये. ते हक्काचं आहे आणि अजून बरंच यायचं आहे. मात्र पाण्याचा हक्क म्हणजे नुसता लिटरचा हक्क नाही.

आणि पाणी आलं की पीक बदलतं. आटपाडीचं डाळिंब बघा. डाळिंब म्हणजे फवारणी. आपल्या भाषेची एक गंमत आहे, विषाला आपण ‘औषध’ म्हणतो. ‘आज औषध मारायचंय’ म्हणतो. पंप बाप्याच्या पाठीवर असतो, पण बॅरलमध्ये पाणी कोण ओततं, काठीनं कोण ढवळतं, ते कपडे संध्याकाळी कोण धुतं? पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, २०१२ साली सुधारलं गेलं. त्यात कीटकनाशकांची यादी आहे. डीडीटी, एंडोसल्फान, मोनोक्रोटोफॉस, फोरेट, मॅलॅथिऑन, २,४-डी वगैरे. शेतात आज सर्रास दिसणारं इमिडाक्लोप्रिड त्या यादीत नव्हतं. पीएफएएसही नव्हती. यादीत नाही म्हणून कुणी तपासत नाही, तपासत नाही म्हणून सापडत नाही, सापडत नाही म्हणून यादीत येत नाही. बायकांवरच्या हिंसेच्या आकड्यांचंही असंच होत असे, तुम्हाला आठवत असेल. नोंद नाही, तर घटना नाही.

इतक्या थोड्यानं होतं तरी काय? याचं उत्तर इटलीतल्या बायकांकडे आहे. इटलीच्या उत्तरेला व्हेनेतो नावाचा प्रांत आहे. तिथं व्हिचेन्झाजवळ त्रिस्सिनो गावात १९६० च्या दशकापासून एक कारखाना ही रसायनं बनवत होता. पुढं त्याचं नाव मिटेनी झालं. त्याचं पाणी जमिनीत मुरत राहिलं. खाली मोठा भूजलसाठा होता, आपल्या बोअरना लागतो तसा, पण कितीतरी विशाल. सुमारे साडेतीन लाख माणसांच्या पिण्यात ते आलं. नळाचं पाणी स्वच्छ, थंड, काचेसारखं. २०१३ साली, सरकारनं करवून घेतलेल्या नद्यांच्या एका तपासणीतून, हे उघड झालं. म्हणजे मुद्दाम शोधायला गेले तेव्हाच सापडलं. तोवर दोन पिढ्या ते पाणी पिऊन झाल्या होत्या.

मग रक्ततपासणी सुरू झाली. २०१७ च्या सुमारास घरोघरी पत्रं आली. तुमच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या, मुलीच्या रक्तात पीएफओए एवढं आहे. ती पत्रं हातात घेऊन आया एकमेकींना शोधत निघाल्या. त्यांनी गट केला, ‘माम्मे नो पीएफएएस’. माम्मे म्हणजे आया. गृहिणी, शिक्षिका, नर्स, अशा साध्या बाया. रसायनशास्त्र कुणालाच येत नव्हतं, शिकल्या. मोर्चात त्या टी-शर्ट घालून यायच्या, त्यावर आपल्या मुलाचं नाव आणि त्याच्या रक्तातला आकडा छापलेला. सरकारदरबारी जो आकडा फाइलीत राहिला असता तो त्यांनी छातीवर लावला. शहाणपणाची गोष्ट ही की त्यांनी ‘आमची मुलं आजारी आहेत’ एवढंच म्हटलं नाही. किती, कशामुळं, कुठून, केव्हापासून, हे कागदावर मागितलं. २०२१ साली व्हिचेन्झाच्या न्यायालयात खटला उभा राहिला आणि जून २०२५ मध्ये अकरा अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या, काहींना साडेसतरा वर्षांपर्यंत. २०२३ साली कर्करोगावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेनं पीएफओए हे माणसात कर्करोग घडवणारं रसायन म्हणून नोंदवलं. व्हेनेतोच्या बाधित भागात १९८५ ते २०१८ या काळात अपेक्षेपेक्षा सुमारे ३९०० मृत्यू जास्त झाले, असा पादुआच्या संशोधकांचा हिशेब २०२४ साली आला.

या रसायनाचं बाईच्या शरीराशी एक वेगळं नातं आहे, ते सांगितल्यावाचून पुढं जाता येत नाही. पुरुषाच्या रक्तात ते वर्षानुवर्षं साचत राहतं. बाईच्या रक्तात काहीसं कमी राहतं, कारण पाळीतून थोडं जातं, गर्भारपणात वारेतून बाळाकडे जातं आणि नंतर दुधातून जातं. आईचा आकडा उतरतो तो बाळाच्या अंगावर चढतो. (म्हणून अंगावरचं पाजणं बंद करू नका. दुधाचे फायदे मोठे आहेत आणि डब्याचं दूध कालवायलाही पाणी तेच लागतं.) अमेरिकेत ड्युपॉन्टच्या टेफ्लॉन कारखान्यात १९८१ साली काय झालं ते ऐका. उंदरांवरच्या प्रयोगात जन्मजात दोष दिसल्याचं पुरवठादार कंपनीनं कळवलं. तेव्हा कंपनीनं त्या विभागातून बायकांना हलवलं. रसायन हलवलं नाही. पुरुष तिथंच राहिले, सांडपाणी नदीत जात राहिलं आणि गावातल्या बायका ते पीत राहिल्या. बाईचं रक्षण म्हणजे बाईला कामावरून काढणं, हा हिशेब आपल्याला नवा नाही.

आता ही इटलीची गोष्ट आपल्या दाराशी कशी आली ते बघा. मिटेनी कंपनी २०१८ साली दिवाळखोरीत निघाली. तिची यंत्रसामग्री लिलावात निघाली, तेव्हा २०१९ साली ती लक्ष्मी ऑरगॅनिक या भारतीय कंपनीच्या एका उपकंपनीनं घेतली. ती यंत्रं सुटी करून, जहाजातून, रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत आणून बसवली. लोटे म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाला. आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या कोयनेचं पाणी वीज करून पलीकडे वाशिष्ठीत सोडतात, त्या वाशिष्ठीच्या खोऱ्यात. तिथल्या सांडपाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार किती वर्षं तक्रार करत आले आहेत. जुनी यंत्रं विकत घेणं हा गुन्हा नाही आणि लोट्याच्या पाण्यात ही रसायनं सापडली आहेत असंही मी म्हणत नाही. माझा प्रश्न साधा आहे. इटलीत जे घडलं ते जगाला ठाऊक असताना, कारखाना सुरू होण्याआधी भोवतीच्या गावांच्या विहिरी, खाडीतले मासे, बायकामुलांचं रक्त यांची तपासणी करून कागद ठेवणं हे सरकारचं पहिलं काम नव्हतं का?

आधीचा कागद, हाच आजचा माझा मुद्दा आहे. नंतर कुणी दोष काढला की पहिला प्रश्न येतो, ‘हे आधीपासूनच नव्हतं कशावरून?’ तेव्हा आधीचा कागद लागतो. भोपाळमध्ये १९८४ नंतर बायकांना सिद्ध करत बसावं लागलं की आमचं दुखणं गॅसमुळंच आहे. आपल्या गावात नवं पाणी अजून पुरतं मुरलेलं नाही. आज नमुने घेतले तर दहा वर्षांनी ताडून बघता येईल.

सरकारी व्यवस्था अगदीच नाही असं नाही. २०१९ पासून जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं ठरलं, पेटी द्यायची ठरलं. थेंब टाकायचे, रंग बदलतो, तक्त्याशी जुळवायचा. इथं बसलेल्यांपैकी कितीजणींनी ती पेटी स्वतः उघडली आहे? ...हात मोजते आहे. बरं. मी एका गावात ती मागितली तेव्हा ग्रामपंचायतीच्या कपाटातून निघाली, सील न फोडलेली, आतल्या रसायनांची मुदत संपलेली. रजिस्टरमध्ये मात्र दर सहा महिन्यांनी ‘पाणी योग्य’. सह्या पाचही बायकांच्या. बायकांची सही ही या राज्यात फार स्वस्त वस्तू आहे, बचतगटापासून सरपंचपदापर्यंत.

ती पेटी फ्लोराइड, नायट्रेट, क्षार, लोह, उरलेला क्लोरीन एवढं दाखवते. कीटकनाशक दाखवत नाही, पीएफएएस तर नाहीच. तरी ती वापरा, कारण तिनं हाताला सवय लागते. त्यापुढची पायरी भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा. तिथं नमुना पाठवताना ‘कीटकनाशकं तपासा’ हे लेखी मागा, समितीच्या ठरावासह. होत नाही म्हणाले तर तेही लेखी घ्या. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. गावाला लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालं आणि कशावरून, हे विचारायला वकील लागत नाही.

नमुना घेण्याचंही शास्त्र आहे. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली, कीटकनाशकांसाठी गडद काचेची. पीएफएएससाठी टेफ्लॉनचं झाकण चालत नाही, आणि नमुना घेणारीनं त्या दिवशी रेनकोट घालायचा नाही, हाताला क्रीम लावायचं नाही, कारण अंगावरचंच रसायन बाटलीत उतरतं. वेळही महत्त्वाची. एक नमुना उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी तळाला गेल्यावर. दुसरा पहिल्या मोठ्या पावसानंतर, शेतातलं सगळं वाहून आल्यावर. एकच नमुना, तोही सोयीच्या दिवशी, हा पाहुण्यांना दाखवायचा नमुना झाला.

घरी काय करायचं, हे बहुतेक सभांत विचारतात. उकळून ही रसायनं जात नाहीत, तुरटीनं जात नाहीत, टीसीएलनं जात नाहीत. आरओ यंत्रानं बरीचशी जातात, नीट सांभाळलेल्या कोळशाच्या गाळणीनंही जातात. पण आरओ बादलीभर पाणी द्यायला दोन-तीन बादल्या वाया घालवतं. दुष्काळात ते कुणाला परवडेल? ज्याच्या घरी आरओ त्याला शुद्ध पाणी, बाकीच्यांनी पंचायतीचं प्यावं, ही विभागणी मला मान्य नाही. गाळणी बसवायची तर गावाच्या टाकीवर बसवा.

मागच्या टेबलावर वही ठेवली आहे. ज्यांच्या गावात टेंभूचं किंवा जिहे-कठापूरचं पाणी येतं त्यांनी गावाचं नाव, पिण्याच्या विहिरीची जागा आणि मागच्या दोन हंगामांत भोवताली कुठली औषधं मारली, हे लिहून जा. औषधाचं नाव आठवत नसेल तर बांधावर पडलेली रिकामी बाटली बघा, लेबल उतरवून घ्या आणि हात धुवा. पुढचं आवर्तन सुटायच्या आत पहिले नमुने निघाले पाहिजेत.